तांब्याची लाईन सोडून फायबरच्या फोनवर जाताना: गावातल्या दुकान-धंद्यासाठी सगळी तयारी

कृषी केंद्र, अडत, दवाखाना, पतसंस्था, जिनिंग, विदर्भात तालुक्याच्या गावात ज्यांच्याकडे जुनी लँडलाईन अजून वाजते त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं काम इंटरकॉम आणि नेटवर्किंगचं, त्यामुळे "आमची लाईन बंद होणार काय हो?" हा प्रश्न रोज कानावर येतो.

ब्रिटनमध्ये जुनी टेलिफोन व्यवस्था जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे, म्हणजे तिथल्या दुकानदाराला निदान तारीख तरी माहीत आहे. आपल्याकडे तारखेची वाट पाहत बसू नका, कारण इथे लाईन हळूहळू जाते. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तुटते, जोडात पाणी शिरते, पावसाळाभर खरखर ऐकू येते आणि मग एक दिवस फोन डेड. जोडायला माणसंही कमी झाली, जानेवारी २०२० च्या शेवटी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्तीवर गेले. म्हणून माझं सांगणं एकच, लाईन चालू आहे तेव्हाच बदला. डेड झाल्यावर धावपळ सुरू केली की नंबर, थकलेलं बिल, नावाचे कागद, वायरिंग सगळं एकदम अंगावर येते आणि तेवढे दिवस गिऱ्हाईक दुसरीकडे फोन लावते.

नेमकं बदलते काय

तांब्याच्या तारेतून आवाजासोबत करंटही येत होता. एक्सचेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या राहतात, तुमचा टेबलावरचा फोन त्यांच्यावर चालायचा, म्हणून गावात लाईट नसली तरी लँडलाईन चालू राहायची. फायबरच्या काचेच्या धाग्यातून फक्त उजेड येतो. तो उजेड ओळखून त्याचा आवाज करायला तुमच्या दुकानात एक डब्बा लागतो, त्याला ओएनटी म्हणतात, बोलीत सगळे मोडेमच म्हणतात. त्या डब्ब्याला वीज लागते. म्हणजे फोनच्या विजेची जी जबाबदारी इतकी वर्षं एक्सचेंजची होती ती आता तुमची. पुढचं बरंचसं याच एका गोष्टीवरून निघते.

आधी लाईनवर काय काय लटकलं आहे ते शोधा

बहुतेकांना वाटते आपला एकच फोन आहे. मग वायर धरून चाललं की निघते, एक समांतर फोन मागच्या गोडाऊनमध्ये, एक वरच्या मजल्यावर घरी, जुना फॅक्स कपाटावर, पतसंस्थेत चोर आला की आपोआप नंबर लावणारा अलार्म, एखादं जुनं वायरवालं स्वाईप मशीन. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जुनं ब्रॉडबँड. ते त्याच तांब्यावर चालते. तांबं गेलं की नेट जाते, नेटसोबत बिलिंग आणि मोबाईलवर दिसणारा सीसीटीव्हीही जातो.

शोधायचा सोपा मार्ग सांगतो. दुपारी गर्दी नसताना लाईन जिथून आत येते तिथला जोड अर्धा तास काढून ठेवा आणि काय काय बंद पडते ते वहीत लिहा. कागदावर आठवून केलेली यादी हमखास अपुरी राहते. या अर्ध्या तासात दुकानातल्या पोरालाही विचारा, त्याला मालकापेक्षा जास्त माहीत राहते.

नंबर वाचवायचा असेल तर

माझ्या मते या सगळ्या कामात नंबर सगळ्यात मौल्यवान. हिंगणघाटच्या एखाद्या अडत्याचा ०७१५३ वाला नंबर बिलबुकावर, बोर्डावर, भिंतीवर, ट्रकवाल्याच्या डायरीत, शेतकऱ्याच्या सातबाऱ्याच्या फाईलमागे पेनाने लिहिलेला राहते. तो गेला तर नवीन नंबर लोकांपर्यंत जायला अख्खा हंगाम जातो.

आपल्या देशात नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय मोबाईलला आहे, लँडलाईनला नाही. म्हणजे लँडलाईन एका कंपनीची आणि फायबर दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर जुना नंबर सोबत येत नाही. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जात असाल तर नंबर तोच राहू शकते, पण तुमच्या एक्सचेंजच्या नंबरांना ही सोय चालू आहे का ते आधी ऑफिसात विचारा आणि मगच अर्ज करा. अर्जावर "हाच नंबर कायम ठेवून फायबरवर रूपांतर" असं स्पष्ट लिहा. नवीन कनेक्शनचा फॉर्म भरला की नवीन नंबर मिळते, आणि जुना नंतर जोडून देतो म्हणणाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नका, अर्जाच्या झेरॉक्सवर तारीख-शिक्का घेऊन ठेवा.

दुसरी अडचण नावाची. खेड्यात निम्मी कनेक्शनं वडलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर राहतात, आणि ते हयात नसतात. एका कृषी केंद्रात हेच झालं, फायबरवाला दारात उभा, ओएनटी हातात, आणि सिस्टिममध्ये नाव आजोबांचं. मुलगा म्हणाला, "काकाजी, बिल तर आम्हीच भरतो ना." बिल भरल्याने कनेक्शन आपल्या नावावर होत नाही. आधी नाव बदलून घ्या, त्यासाठी साधारण मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत, आधार, शेवटचं भरलेलं बिल लागते, आणि फर्मच्या नावावर घ्यायचं असेल तर जीएसटीचा दाखला, फर्मचं लेटरहेड, सहीवाल्याचा अधिकार. थकबाकी असेल तर ती पहिले भरा, बाकी ठेवून काहीच पुढे सरकत नाही.

नंबर जाणारच असेल तर दोन्ही कनेक्शनं थोडे दिवस सोबत चालवा आणि जुन्यावर आलेला कॉल नवीनवर वळवून घ्या. त्या काळात जो फोन करेल त्याला नवीन नंबर सांगायचा. गूगल मॅपवरचं दुकान, बँक, कंपनीचे डीलर, जीएसटी, अन्न परवाना, बियाणं-कीटकनाशकाचे परवाने, जिथे जिथे नंबर दिला आहे तिथे बदलून घ्या.

कोणता रस्ता तुमच्यासाठी

एक-दोन फोनचं दुकान असेल तर फायबरवरचाच फोन घ्या, यात फार विचार करू नका. ओएनटीच्या मागे फोनचं छोटं पोर्ट राहते, जुना फोन त्यालाच लागते. कुठे एक पोर्ट, कुठे दोन, ते आधी विचारा.

फायबर गावात पोचलंच नसेल तर टेबलावरचा सिमवाला फोन मिळते, दिसायला लँडलाईनसारखाच, आत मोबाईलचं सिम. म्हाताऱ्या मुनिमजींना रिसीव्हर हातात असला की बरं वाटते आणि फोन दुकानातच राहते. त्याला बॅटरी आतच असते. पण खरेदीआधी त्याच टेबलावर त्या कंपनीचं नेटवर्क किती येते ते मोबाईलवर बोलून पाहा, टिनाच्या शेडखाली फरक पडते. फायबर येते आहे का याची चौकशी ग्रामपंचायतीतही करा, भारतनेट या सरकारी ग्रामीण इंटरनेट योजनेतून बऱ्याच पंचायतींपर्यंत केबल आलेली आहे आणि तिथून पुढे कनेक्शन देणारे स्थानिक लोक आहेत.

तिसरा रस्ता इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनचा, ज्याला सिप म्हणतात. चार-पाच लाईनी आणि वीस-पंचवीस इंटरकॉम असलेल्या जिनिंगला, डाळ मिलला, मोठ्या हॉस्पिटलला तो जमते. एका कॉलला साधारण १०० केबीपीएस जायला आणि तेवढेच यायला लागतात, त्यामुळे स्पीडची काळजी कमी आणि नेट सारखं तुटते का याची जास्त. नंबर मात्र परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच घ्या. स्वस्तात कॉल देतो म्हणून कोणी सिमचा डब्बा बसवायला आला तर हाकलून लावा, तो बेकायदेशीर धंदा आहे आणि पोलीस आले की तुमच्या पत्त्यावर येतात.

फायबरवाल्याला विचारायचे प्रश्न

गावाकडे फायबर बहुतेक वेळा कंपनीचा स्थानिक पार्टनर, कधी पूर्वीचा केबलवालाच, देतो. दर महिन्याचे पैसे सगळेच विचारतात, मी सांगतो ते विचारा. तुमच्या भागाची मुख्य मशीन कुठे ठेवली आहे, एक्सचेंजमध्ये का त्याच्या घरी? तिथे लाईट गेल्यावर किती तास चालते, जनरेटर आहे का? रस्त्यावरच्या खांबावरच्या डब्यांना वीज लागत नाही, पण दोन्ही टोकांना लागते. तुम्ही दुकानात कितीही मोठी बॅटरी लावा, त्याच्याकडची मशीन दोन तासांत बसली तर तुमचा फोनही बसला. तार तुटली तर जोडायची मशीन त्याच्याकडे आहे का तालुक्यावरून मागवावी लागते? दिवाळीच्या दिवशी तुटली तर कोण येते? एखाद्या जुन्या ग्राहकाला जाऊन भेटा, त्याच्याकडे मागच्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडलं ते विचारा, जाहिरातीपेक्षा ते जास्त खरं राहते.

विजेचा हिशेब

इथे थोडं थांबून करा, कारण अवकाळीच्या वादळात खांब पडले की आपल्याकडे रात्र-रात्र लाईट येत नाही आणि नेमका त्याच वेळी शेतकरी, पेशंट, ट्रकवाला फोन करते.

ओएनटीच्या अडॅप्टरवर पाहा, बहुतेक १२ व्होल्ट लिहिलेलं राहते, प्रत्यक्षात तो साधारण १० वॅटच्या आसपास खातो. बाजारात राउटरसाठी छोटा यूपीएस मिळते. त्यात २२०० एमएएचचे, म्हणजे २.२ अँपिअर-तासांचे, चार सेल असतील तर ३.७ व्होल्टने गुणून सगळे मिळून साधारण ३२ वॅट-तास होतात. १० वॅटला ते कागदावर तीन तास, आणि रूपांतरात जाणारी वीज धरली तर अडीचच्या आसपास. दुकानदार सांगते "सहा तास चालते", तुम्ही हा गुणाकार त्याच्यासमोर करा. घेताना व्होल्ट तोच, अँपिअर अडॅप्टरएवढा नाहीतर जास्त, आणि पिन बसते का हे पाहा. ९ व्होल्टच्या मशीनला १२ व्होल्ट लावून जळालेले डब्बे कमी नाहीत.

इन्व्हर्टर असेल तर अजून सोपं. १५० एएचची बॅटरी म्हणजे १२ ने गुणून १८०० वॅट-तास, त्यात ओएनटी काहीच नाही. फक्त ओएनटीचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का ते पाहा, कारण कितीतरी दुकानात पंखा आणि दिवा इन्व्हर्टरवर आणि मोडेम मात्र साध्या बोर्डावर राहते. लाईट गेल्याबरोबर ओएनटी बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर चालू कॉल तुटते आणि सगळं जागेवर यायला दोन-चार मिनिटं जातात. पुष्कळ इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण राहते, ते लावलं की बदल लवकर होते. तरीही तुटत असेल तर छोटा यूपीएस मध्ये लावा. कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बेसलाही वीज लागते, म्हणून एक साधा वायरवाला फोन ओएनटीला जोडून ठेवाच.

बसवताना

ओएनटी टिनाच्या छताखाली उंचावर ठोकू नका. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते तेव्हा टिनाखाली त्याहून जास्त राहते, आणि डब्बा तापला की अडते. काउंटरच्या आत, डोळ्याच्या उंचीवर, हवा लागेल असा लावा. जिनिंगमध्ये रुईची धूळ जाळीत बसते, मशीन हॉलपासून लांब ऑफिसातच ठेवा आणि महिन्यातून ब्रशने झाडा.

केबल छतावरून आणत असतील तर वांदरांचा विचार करा. मोकळी लोंबणारी तार ते ओढतात, खारी कुरतडतात. भिंतीला लागून क्लिपा मारून, आत येताना पाईपमधून घ्या, आणि महावितरणच्या तारेपासून लांब ठेवा. फायबर घट्ट वळवू नका, सुतळीने करकचून बांधू नका, हिरव्या टोकाला बोट लावू नका. बसवणाऱ्याला पॉवर मीटरवर सिग्नल दाखवायला सांगा. डीबीएम हे उजेडाची ताकद मोजायचं माप, ते उणे १८ ते उणे २४ च्या मध्ये असेल तर निवांत राहा, उणे २६-२७ दाखवत असेल तर जोड पुन्हा करायला लावा, आजच्या दिवशी चालेल पण पावसात लाल दिवा लागेल. हा लाल दिवा, त्यावर एलओएस लिहिलेलं राहते, लागला म्हणजे उजेडच येत नाही, तेव्हा ओएनटी दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नाही, सरळ तक्रार नोंदवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा जिनिंगच्या ऑफिसात इंटरकॉमची मशीन आहे, मागे लाकडी फळीवर वीस-पंचवीस वायरी, बाहेरून येणारी जुनी काळी तार एका छोट्या पांढऱ्या डब्बीत आतल्या वायरीला पिळून जोडलेली. फायबरवाला पोरगा येते, ओएनटीच्या पोर्टातून वायर काढते आणि त्याच डब्बीत जोडून देते. जुनी तार अजून जिवंत असेल तर तिकडून ४८ व्होल्ट ओएनटीच्या पोर्टात शिरतात आणि रिंग आली की त्याहूनही जास्त. पोर्ट जळते. म्हणून आधी बाहेरची जुनी तार डब्बीतून दोन्ही वायरींसकट काढा, टोकं वेगवेगळी करून टेप मारा, आणि मगच ओएनटीची वायर आतल्या वायरिंगला द्या. आधी सांगितल्याप्रमाणे दोन्ही लाईनी थोडे दिवस सोबत ठेवायच्या असतील तर जुन्या लाईनला वेगळा फोन ठेवा.

समांतर फोन चार-पाच असतील तर ओएनटी सगळ्यांची घंटी नीट वाजवू शकत नाही, एक्सचेंजच्या लाईनइतका दम त्यात नसते. दोन ठेवा, बाकी इंटरकॉमवर न्या. गोल फिरवायचा डायल असलेला जुना फोन पुष्कळ ओएनटीवर येणारा कॉल घेते पण नंबर लावत नाही.

पावसाळ्यात विजा पडतात तेव्हाचा फायबरचा एक फायदा सांगतो, काच करंट नेत नाही त्यामुळे तारेतून येणारी वीज कमी झाली. पण अडॅप्टरच्या बाजूने येतेच. चांगली अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर लावा.

फॅक्स, अलार्म, स्वाईप मशीन

फॅक्स डिजिटल लाईनवर अर्ध्यात तुटते. ज्याला पाठवता त्याला ईमेल चालते का विचारा, नव्वद टक्के काम मोबाईलवर स्कॅन करून होते. स्वाईप मशीन बँकेकडून सिमवालं बदलून घ्या. अलार्मवाल्याला बोलावून सिमवर चालणारा डायलर लावून घ्या, पतसंस्था आणि सराफा दुकानाने हे काम लाईन बदलायच्या आधी करायचं, नंतर नाही.

कधी करायचं

कृषी केंद्रवाल्याने जून-जुलैमध्ये हात लावू नये, पेरणी चालू असते. जिनिंगने कापूस यायला लागला की थांबावं, मार्च-एप्रिल बरं. गोंदिया-भंडाऱ्याकडे राईस मिल धानाची आवक सुरू व्हायच्या आधी. वरूड, मोर्शी, काटोलच्या संत्रा व्यापाऱ्यांना आंबिया आणि मृग दोन्ही बहार पाहून मधली रिकामी वेळ शोधावी लागते. दवाखान्याला हंगाम नाही, त्यांनी रविवारी सकाळी करावं.

चालू झाल्यावर तपासणी

बसवणारा गेल्यावर नाही, तो उभा असतानाच करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाईलवरून दुकानात फोन लावा. दुकानातून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावं लागते, १५ जानेवारी २०२१ पासून हा नियम आहे, त्यामुळे मशीनमध्ये जुने शॉर्टकट शून्याशिवाय भरलेले असतील तर तेही सुधारा. समोरचा नंबर स्क्रीनवर दिसते का पाहा.

इंटरकॉम मशीन असेल तर एक खास चाचणी. बाहेरून फोन करा, मुनिमजींना उचलू द्या, आणि बाहेरच्याने आधी ठेवून द्यायचं. मशीनवरची लाईन लगेच मोकळी झाली पाहिजे. पुष्कळदा होत नाही, कारण मशीन जुन्या लाईनच्या इशाऱ्यावर ठरवत होती की समोरचा गेला. मग लाईन अडकून राहते आणि गिऱ्हाईकाला दिवसभर बिझी ऐकू येते, दुकानात मात्र कोणाला पत्ताही नाही. मशीनवाल्याकडून बिझी टोन ओळखायची सेटिंग करून घ्या.

नंतर मेन स्विच पाडा. खरोखर पाडा, आणि अंधारात फोन लावून पाहा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. किती वेळ चालते ते घड्याळावर मोजून भिंतीवर लिहून ठेवा. त्याखाली फायबरवाल्याचा नंबर, तक्रारीचा नंबर आणि आपत्कालीन ११२.

राउटरचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. सिप घेतलं असेल तर परदेशी कॉल बंदच ठेवायला सांगा, पासवर्ड सोपा असला की रात्रीतून कोणीतरी तुमच्या खात्यावर बाहेरदेशी फोन लावते आणि बिल तुम्हाला येते. आणि "तुमची लाईन आज बंद होणार, ९ दाबा, ओटीपी सांगा" असे फोन येतात, ते फसवणुकीचे. काही सांगू नका, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला कळवा.

जुनी लाईन सोडताना

नंबर फायबरवर गेला असेल तर जुनी लाईन त्यातच संपते, फक्त पुढच्या बिलात जुन्याचं भाडं लागून येते का ते पाहा. नंबर वेगळा घेतला असेल तर नवीनवर एक पूर्ण बिल येईपर्यंत जुनी लाईन सोडू नका. सोडताना लेखी अर्ज द्या, कंपनीचा फोन किंवा मोडेम परत केल्याची पावती घ्या. पंचवीस वर्षांपूर्वी भरलेलं डिपॉझिट परत मिळते, त्यासाठी जुनी पावती लागते, वडलांच्या फाईलमध्ये शोधा. सापडली नाही तर ऑफिसात विचारून हमीपत्रावर काम होते का पाहा, आणि परताव्याचे पैसे ज्या नावावर कनेक्शन आहे त्याच नावाने येतात हे लक्षात ठेवून बँक खात्याचा तपशील त्याच अर्जासोबत जोडा.